अकरा नंबरची बाटली

सही कुठेही तुटली नव्हती.

कागदाची पट्टी बाटलीच्या झाकणावरून आडवी जाऊन दोन्ही बाजूंना खाली चिकटवलेली होती. पट्टीवर अकराचा छापील आकडा, शेजारी निळ्या शाईत सही. झाकणाची कड आली की पट्टी वळत होती. सहीची रेघ मात्र त्या वळणावरूनही एकाच जाडीने, न अडखळता पुढे गेली होती.

वहिनींनी भिंग फोटोवरून उचललं.

"सही छान आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हे गृहस्थ मुलीच्या अक्षराचं कौतुक ऐकायला तीन जिने चढून आलेले नाहीत," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी तीस वर्षं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत त्या खाजगी चौकशीची कामं घेत. त्यांना वहिनी म्हणण्याचा खरा हक्क एकट्या भाऊजींचा, कारण ते त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे धाकटे भाऊ. पण ते इतक्या मोठ्याने हाक मारत की खालचा चष्मेवालाही आता वहिनीच म्हणू लागला होता. भाऊजी आयुष्यभर नकाशे काढत आले. नकाशात नसलेली गोष्ट त्यांना सहसा दिसत नसे.

समोर बसलेला माणूस लिफ्टचा मेकॅनिक होता. त्याच्या शेजारी त्याची सोळा वर्षांची मुलगी, जिला घरी बारकी म्हणत. ती आल्यापासून मान खाली घालून बसली होती.

"तुमची लिफ्ट बंद आहे, बाई," मेकॅनिक म्हणाला. "दोर ठीक आहे. दाराचा खटका गेलाय." मग त्याला आपण कशाला आलोय ते आठवलं असावं. त्याने हात मांड्यांवर पालथे ठेवले. "परवा दहाला शाळेच्या मंडळाची बैठक आहे. तिचं नाव काढणार. लघवीत झोपेच्या गोळ्यांचं औषध सापडलं म्हणे. माझ्या घरात तापाची गोळीसुद्धा मोजून देतो आम्ही."

"पहिल्याच वेळेला नाव काढतात?"

"मोफत जागेवरच्या मुलांचं. या सत्रापासून तसा नियम केलाय. परीक्षेला सात आठवडे राहिलेत. नाव निघालं की परीक्षाही गेली."

वहिनी बारकीकडे वळल्या. "तू घेतल्यास गोळ्या?"

"नाही."

"बरं. त्या दिवशी नमुना किती दिला होतास? लाजू नकोस, मी आयुष्यभर हेच मोजलंय."

बारकीने पहिल्यांदा वर पाहिलं. "थोडासाच. भांड्याच्या तळच्या खुणेपर्यंत जेमतेम. सिस्टर म्हणाल्या, चालेल."

"मग?"

"भांडं त्यांच्या हातात दिलं. घंटा झाली होती, म्हणून वर्गात पळाले."

वहिनींनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. "मी काम घेते," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "एक आधीच सांगून ठेवते. खरं काय ते मी शोधीन. ते कुणाच्या अंगावर पडेल, ते माझ्या हातात नसतं."

"कुणाच्याही अंगावर पडू दे," मेकॅनिक म्हणाला. "माझ्या पोरीच्या नको."

*

शाळेतली आजाऱ्यांची खोली जिन्याखाली होती. एक खाट, एक टेबल, हात धुण्याचं भांडं, आणि पलीकडे न्हाणीघराचं दार. सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांच्या नखांपासून टेबलावरच्या कापसापर्यंत सगळं जागच्या जागी होतं.

"बारा मुलं होती," त्या म्हणाल्या. "नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. मूल आत जातं, भांडं भरून आणतं. मी तो नमुना दोन बाटल्यांत ओतते. एक तपासायला, एक राखीव. बाटल्यांवर आकडा नसतो, तो पट्टीवर असतो. पट्टी लावली की ती बाटली त्या मुलाची."

"पट्टी मुलासमोर लावता?"

"नियम तोच आहे."

"नियम मी वाचलाय, सिस्टर."

सिस्टरांनी कापसाचा डबा दोन बोटं सरकवला. "त्या दिवशी घाई होती. बाटल्या ओळीने ट्रेमध्ये ठेवल्या, पट्ट्या त्यांच्यापुढे. शेवटी एकदम लावल्या."

"मधे खोली सोडलीत?"

"बर्फ आणायला विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेले होते. दहा मिनिटं. खेळाचे सर होते इथे. नंतर मोठ्या बाई फॉर्मवर सह्या करायला आल्या. तेव्हाही मी हात धुवायला आत होते."

"म्हणजे धर्मशाळाच की," भाऊजी म्हणाले.

वहिनी टेबलावरची नोंदवही चाळत होत्या. प्रत्येक पानाखाली निळा कार्बन आणि त्याखाली नक्कल. "सगळ्याची नक्कल ठेवता?"

"वॉर्डातली सवय. वरचं पान हरवलं तर खालचं बोलतं."

"या महिन्यात एकच मुलगी चार वेळा आलेली दिसते. 'चक्कर. दोन तास झोप.'"

"शिडी," सिस्टर म्हणाल्या. "उंच आहे म्हणून मुलं म्हणतात. पळून पळून दमते." त्यांनी वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली. "बारकीचं मला फार वाईट वाटतं. मला वाटलं होतं, घरी एक चिठ्ठी जाईल, चार दिवस बोलणी खाईल, झालं. नावच काढतायत हे मला काल कळलं, तेही तिचे वडील इथे येऊन ओरडले तेव्हा."

"शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर नोटीस लागली असेल ना?"

"मी तिथे जात नाही. माझी खुर्ची इथेच आहे. बावीस वर्षं."

*

खेळाचे सर मैदानावर चुन्याने रेघा आखत होते. त्यांनी काम थांबवलं नाही.

"हो, रांग माझ्याकडे होती. पट्ट्यांवर सह्याही मीच घेतल्या, रांगेतच, पट्टीखाली पुठ्ठा देऊन. एकेकाने आत जाऊन सही करायची म्हणजे दुपार झाली असती. चाळीस मिनिटांत बारा उरकली."

भाऊजींच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "म्हणून सही तुटली नव्हती! पट्टी आधी सही झालेली, मग चिकटवलेली."

"आणि म्हणून ती कुणाच्याही बाटलीवर बसू शकत होती," वहिनी म्हणाल्या. "सर, बारकी तुमच्या रिलेत होती?"

"होती. आंतरशालेय स्पर्धेला पंधरा दिवस असताना म्हणाली, सर, मला अभ्यास आहे. ऐन वेळी पाठ फिरवली." त्यांनी चुन्याचा डबा आपटला. "म्हणून मी तिच्या बाटलीत विष कालवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"विष नाही. झोपेची गोळी."

"मला राग आला होता, हे खरं. पण माझं काम भागलं. शेवटचा टप्पा आता शिडी पळते. येत्या शनिवारी स्पर्धा आहे, तिच्यावरच सगळी मदार. मागच्या सत्रात हात मोडला होता तिचा, घरी जिन्यावरून पडली म्हणे. तरी काय पाय आहेत पोरीचे! हल्ली जरा सुस्तावते, पण मी म्हणतो, वाढीचं वय आहे."

"तीही त्या रांगेत होती?"

"हो. नववा नंबर."

"दहा मिनिटं तुम्ही त्या खोलीत एकटे होतात."

"दारात होतो. आत पाऊल टाकलं नाही. तो वास मला सहन होत नाही." मग जरा मवाळपणे: "बारकीला सांगा, मी तिच्यावर डूख धरलेला नाही. चिडलो होतो, बस."

*

मोठ्या बाईंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. त्यांनी खुर्च्या पुढे करायला लावल्या, पाणी मागवलं, आणि वहिनींचं नाव आपण ऐकून असल्याचं दोनदा सांगितलं.

"मलासुद्धा धक्का बसला," त्या म्हणाल्या. "अहवाल दोनदा वाचला. पण कागदावर जे आहे ते आहे. भावनेने शाळा चालत नाही."

"नियम तुम्हीच कडक केलात?"

"मंडळाने. मसुदा माझा होता. बघा, फी भरणाऱ्यांना पहिल्यांदा घरी चिठ्ठी आणि समज, दुसऱ्यांदा सापडलं तर नाव कमी. ते पूर्वीपासून आहेच. मोफत जागा म्हणजे दुसऱ्या कुणाचीतरी नाकारलेली संधी. तिथे दुसरी संधी कशी देणार?"

"दुसऱ्यांदा सापडण्याच्या बेतात आलेलं कुणी आहे सध्या?"

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "अशी माहिती मी बाहेरच्यांना देऊ शकत नाही."

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही आजाऱ्यांच्या खोलीत गेला होतात?"

"पाच मिनिटं. फॉर्मवर सह्या केल्या. बाटल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला किळस येते."

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "मला तर सरांचाच वास येतोय."

"चुन्याचा येतोय तुम्हाला, भाऊजी."

*

तपासणीची प्रयोगशाळा गावाबाहेर, टायरच्या गोदामाशेजारी होती. मेकॅनिकचं संमतिपत्र पाहून तंत्रज्ञाने शीतपेटीतून राखीव बाटल्यांचा ट्रे बाहेर काढला. हात लावायचा नाही, एवढीच अट.

वहिनींना हात लावायची गरज नव्हती. बारा बाटल्या. अकरा खांद्यापर्यंत भरलेल्या. एकीत तळाला बोटभर गोठलेलं पिवळं वर्तुळ.

"अकरा नंबर तर भरलेली आहे!" भाऊजी म्हणाले.

"हो."

"मग ती रिकामीशी आहे ती…" भाऊजी वाकले. पट्टीवर नऊचा आकडा होता.

तंत्रज्ञ ट्रे परत ठेवत म्हणाला, "या शाळेचं काहीतरी विचित्रच दिसतंय. अहवाल पोचला त्याच दुपारी तिथल्या मोठ्या बाईंचा फोन आला. मला वाटलं, अकराची फेरतपासणी मागतील. सगळेच मागतात. तर नाही. विचारतात, नऊ नंबर नक्की स्वच्छ आहे ना? स्वच्छ निघालेल्याबद्दल शंका घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. तो पुसण्यासारखा झालेला नव्हता.

*

बैठकीच्या दिवशी सकाळी नऊला मोठ्या बाईंच्या ऑफिसात सहा माणसं होती. मोठ्या बाई, सिस्टर, खेळाचे सर, मेकॅनिक, बारकी आणि वहिनी. भाऊजी दाराशी उभे होते. बसायला खुर्ची उरली नव्हती.

"नमुने बदलले गेले," वहिनींनी सुरुवात केली. "बारकीने तळच्या खुणेपुरता नमुना दिला होता. राखीव बाटल्यांत तेवढी कमी भरलेली बाटली एकच आहे, आणि तिच्यावर नऊचा आकडा आहे. अकरावर जो भरपूर नमुना आहे तो बारकीचा असूच शकत नाही. प्रयोगशाळेचं तसं पत्र मी आणलंय. नऊ आणि अकरा यांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली."

मेकॅनिकने श्वास सोडला. इतका मोठ्याने, की त्याने स्वतःच तोंडावर हात धरला.

"चुकून झालं असेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शेजारच्या बाटल्या असत्या तर मानलं असतं. नऊ आणि अकराच्या मधे दहा आहे, आणि दहा जागेवर आहे. शिवाय प्रत्येकाच्या दोन बाटल्या. चूक दोन्ही वेळा तशीच्या तशी होत नाही. सह्या रांगेतच उरकल्या नसत्या तर हे कुणालाच जमलं नसतं. सर, चाळीस मिनिटं वाचवलीत तुम्ही."

सरांनी मान खाली घातली.

"त्या ट्रेपाशी तिघं वेगवेगळ्या वेळी एकटे होते. आता प्रश्न असा: अदलाबदल करणाऱ्याला काय माहीत असायला हवं होतं? त्या सकाळी अहवाल नव्हता. नऊची बाटली बाद ठरणार, हे आधीच ठाऊक असलेल्या माणसानेच तिच्यापुढची पट्टी उचलली. सरांना ते ठाऊक नव्हतं. शनिवारच्या स्पर्धेची सगळी मदार त्यांनी नऊ नंबरवरच ठेवली होती. तिच्या सुस्तीला ते वाढीचं वय म्हणतात."

"मला खरंच…" सर पुटपुटले. "शिडी?"

"मोठ्या बाईंना ठाऊक होतं."

"काय बोलताय तुम्ही?"

"अहवाल आला त्या दुपारी तुम्ही फोन करून विचारलंत, नऊ नक्की स्वच्छ आहे ना. ती बाद निघणार अशी तुमची खात्री होती, म्हणून. पण त्याच फोनमुळे तुम्ही अदलाबदलीतून सुटता. पट्ट्या तुम्ही बदलल्या असत्या, तर नऊ स्वच्छ निघाल्याचं आश्चर्य तुम्हाला वाटलं नसतं."

खोलीत एकच माणूस उरलं होतं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. बारकीने पाहिलं.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मी केलं."

मेकॅनिक उठला. "माझीच पोर का? तिने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"काहीच नाही. म्हणूनच." सिस्टरांचा आवाज सपाट होता. "तिच्या नावावर एक ओरखडा नव्हता. मला वाटलं, पहिल्यांदा आहे, चिठ्ठी जाईल, तिचे वडील चिठ्ठीवर विश्वासच ठेवणार नाहीत. तुमच्या घरी चिठ्ठी गेली तर काय होईल? आरडाओरडा. शिडीच्या घरी मागच्या सत्रात चिठ्ठी गेली, आणि चार दिवसांनी ती हात गळ्यात बांधून आली. जिन्यावरून पडली म्हणाली. त्यांचं घर तळमजल्यावर आहे."

"नियम बदलल्याचं सिस्टरांपर्यंत पोचलं नाही," वहिनी म्हणाल्या. "नोटीस शिक्षकांच्या खोलीत लागली आणि यांची खुर्ची जिन्याखाली. नवा नियम माहीत असलेल्या माणसाने दया म्हणून मोफत जागेवरची मुलगी निवडली नसती. मला इथेच खात्री पटली."

"आणि कळल्यावर?" मेकॅनिक ओरडला. "मी परवा तुमच्यासमोर उभा होतो!"

"बोलले असते तर ती गेली असती. नाही बोलले तर ही. दोन रात्री झाल्या, मी दोघींची नावं एकाच कागदावर लिहितेय आणि फाडतेय."

वहिनींनी हात पुढे केला. "सिस्टर, काल मागितलेली नक्कल आणलीत?"

सिस्टरांनी पिशवीतून कार्बनचं निळं पान काढलं. वहिनींनी ते खालच्या तारखांपर्यंत वाचलं आणि मोठ्या बाईंपुढे ठेवलं.

"मोठ्या बाईंना नऊबद्दल आधी कळलं, तर कुणीतरी कळवलं असणार. आणि सिस्टर नक्कल ठेवल्याशिवाय काही लिहीत नाहीत. एक महिन्यापूर्वीची चिठ्ठी आहे ही. मुलगी घरातल्या गोळ्या घेते, झोप येत नाही म्हणून. तिला तपासणीच्या चिठ्ठ्यांतून वगळावं, डॉक्टरांकडे पाठवावं, घरी कळवू नये. यावर काय उत्तर दिलंत?"

मोठ्या बाईंनी पानाला हात लावला नाही. "विचाराधीन."

"खाली तारखा आहेत. सिस्टर तीनदा विचारायला आल्या."

"चारदा," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हाला समजत का नाही?" मोठ्या बाई वहिनींना म्हणाल्या. "एकीला वगळलं की उद्या दहा पालक उभे राहतील. नाही वगळलं तर…" त्या थांबल्या. "मी वेळ घेत होते."

"अहवाल आला तेव्हा तुम्हाला कळलं की काहीतरी बदललंय. नऊ वाचली, अकरा गेली. तुम्हाला काहीच ठरवावं लागलं नाही. अकरा दिवस तुम्ही ही मुलगी निर्दोष असल्याचं ओळखून गप्प बसलात."

"ओळखून नाही. शंका होती."

"शंकेपुरता फोन केलात. मग पुढे नाही."

बाहेर घंटा झाली. जिन्यावर शेकडो पावलं वाजली आणि थांबली.

मोठ्या बाईंनी शाळेचा छापील कागद ओढला आणि उभ्या उभ्या पाच ओळी लिहिल्या. बारकीवरचा ठपका मागे. नाव कायम. परीक्षेस पात्र. सही करून त्यांनी कागद मेकॅनिककडे दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल."

बारकी हलली नाही. "आणि शिडीचं काय?"

"ते मंडळ ठरवेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, चारही वेळा हेच म्हणालात मला," सिस्टर म्हणाल्या. "माझं काय करायचं ते करा, मी लिहून देते. पण तिला काढलं तर ती दिवसभर त्याच घरात राहील. एवढंच बघा."

मेकॅनिक खिशातल्या कागदावर हात ठेवून दारापाशी घुटमळत होता. भाऊजींनी त्याला वाट करून दिली, पण तो गेला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आता त्यालाच अवघडल्यासारखा वाटत होता.

"मंडळ तुम्ही लिहून द्याल त्यावर बसतं," वहिनी म्हणाल्या. "ही चिठ्ठी त्यांना उद्देशून नाही, तुम्हाला आहे. बाई, हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण आज म्हणा."

इतकी वर्षं त्यांनी माणसांकडून उत्तरं काढली होती. कुठलं उत्तर येईल याची भीती त्यांना सहसा वाटत नसे.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. निळं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग ते घडी घालून फाइलमध्ये ठेवलं, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि प्रार्थनेच्या वेळी सूचना वाचतात त्या स्वच्छ, लांबवर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

"दुसऱ्यांदा सापडली आहे. मी तिचं नाव काढते."